घाट उतरताना पुढच्या चाकातून कर्रर्र आवाज, बाहेरचा पॅड चांगला आणि आतला पार लोखंडावर

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही. माझी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क मागे ड्रम, ७८ हजार किमी झालेत. मी कराडला असतो, गाव चिपळूणच्या बाजूला, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी कुंभार्ली घाट होतोच. परवा शनिवारी आई आणि धाकटी मुलगी बरोबर होत्या. घाट उतरायला लागलो आणि तिसऱ्या-चौथ्या वळणाला ब्रेक दाबला तशी डावीकडून पुढून कर्रर्र, म्हणजे पाट्यावर वरवंटा कोरडाच ओढावा तसा आवाज. ब्रेक सोडला की बंद. परत दाबला की परत, आणि पायाखाली पॅडल थरथरतंय हेही जाणवायला लागलं. आई म्हणाली अरे काय घासतंय, मी म्हणलं काही नाही खडा अडकला असेल, पण आतून पोटात गोळा आला होता. मागे ट्रक लागलेला, थांबायला जागा नाही. गाडी दुसऱ्या गियरला टाकली आणि ब्रेकला अगदी लागेल तेवढाच हात लावत घाटाच्या पायथ्याच्या पोफळीपर्यंत आणली.

पोफळीला उतरून बघितलं तर डाव्या चाकाची रिम एवढी तापलेली की हात ठेववेना, आणि जळकट वास. उजवी रिम कोमट. रिमच्या भोकातून मोबाईलचा टॉर्च मारून पॅड बघितला तर ५-६ मिमी तरी शिल्लक दिसला. म्हणलं मग पॅड तर आहे, खडाच असणार. तसाच हळूहळू घरी गेलो.

काल सकाळी मामानं आणि मी चाक काढलं. मामा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालाय. त्यानं कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून पॅड दाबणारा चिमटा, उचलला, आतला पॅड काढून माझ्या हातात दिला आणि काहीच बोलला नाही. मटेरिअल शून्य. नुसती लोखंडी पाटी, तीही एका बाजूनं घासून पातळ झालेली आणि निळसर पडलेली. डिस्कच्या आतल्या अंगाला नखानं लागतील एवढे खोल चर. आणि ह्याच कॅलिपरमधला बाहेरचा पॅड अजून निम्मा शिल्लक!

आता ज्याचा मला खरंच राग आलाय ते सांगतो. दोन महिन्यांपूर्वी सर्व्हिसिंग झालं तेव्हा मी स्पष्ट विचारलं होतं की पॅड बघितले का. उत्तर मिळालं निम्मे आहेत, अजून १५ हजार काळजी नाही. वर वळणावर डॅशबोर्डचा ब्रेकचा लाल दिवा मिचमिचतो म्हणून सांगितलं तर ब्रेक ऑइल टाकून दिवा बंद करून दिला. मी समाधानानं पैसे देऊन आलो.

माझे प्रश्न. आतलाच पॅड का संपला? डिस्क ठेवायची की बदलायची? उजवीकडे दोन्ही पॅड ४ मिमी आहेत तर फक्त डावीकडचे टाकले तर चालतील का? आणि मामा म्हणतोय आपण घरीच करू, तर करावं का?

मेस्त्रीची लेक
दादा, आधी एक, त्या गाडीला आता हलवू नका. चिपळूणपर्यंतसुद्धा नाही. सामान तुमच्याकडे येऊ दे, गाडी सामानाकडे न्यायची नाही.

आतलाच का संपला ते सांगते. आमच्या अण्णांचं सांगलीत गॅरेज होतं, मी तिथंच मोठी झाले, आणि ही केस मी इतक्या वेळा बघितलीय की तुमचं वर्णन वाचतानाच पिन जाम असणार हे कळलं. आपल्या साध्या गाड्यांना कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो, आतल्या. पॅडल दाबलं की पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच्याच उलट्या रेट्यानं अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून डिस्कवर आणतो. त्या पिना रबरी बूटमध्ये असतात. बूट फाटला, आत पाणी माती गेली, ग्रीस वाळलं, की पिन गंजून अडकते. मग कॅलिपर सरकतच नाही. ब्रेकचं सगळं काम आतला पॅड एकटा करतो, आणि पाय काढल्यावरही तो नीट सुटत नाही, घासत राहतो. रिम तापली ती त्यामुळेच. बाहेरचा पॅड मात्र आरामात, कामच नाही त्याला.

म्हणून रिमच्या भोकातून बघून पॅड निम्मे आहेत असं जो सांगतो त्यानं फक्त बाहेरचा पॅड बघितलेला असतो. अण्णा गिऱ्हाईकाला चाकापाशी उकिडवं बसवायचे, दोन्ही पॅड काढून हातावर ठेवायचे, मग बोलायचे. माणसं कंटाळायची, उशीर होतो म्हणायची, पण अण्णांनी कधी हे सोडलं नाही.

दिव्याचं पण ऐका. पॅड झिजतो तसा पिस्टन पुढे येतो, पिस्टनच्या मागे जी जागा होते तिथं ऑइल जातं, म्हणून वरच्या डबीतली पातळी हळूहळू खाली येते. गळती नसताना पातळी उतरली म्हणजे पॅड संपत आले हाच पहिला निरोप असतो. वळणावर ऑइल एका बाजूला जातं म्हणून दिवा आधी वळणावर मिचमिचतो. त्यांनी ऑइल टाकलं म्हणजे निरोप पुसून टाकला. माझं म्हणणं आहे की ब्रेक ऑइल कमी दिसलं की आधी चारी चाकं बघायची, गळती नाही ना ते बघायचं, मगच डबीला हात लावायचा.

राजगड९
डिस्क लेथवर टर्निंग करून, म्हणजे तासून सपाट करून घ्या, कशाला उगाच नवीन. माझ्या आधीच्या गाडीची केलेली, दीड वर्ष मस्त चालली. आणि उजवे पॅड ४ मिमी आहेत तर राहू देत की, संपले की बदला.

पाना१४
राजगड९, दुसऱ्या मुद्द्याला माझा ठाम नकार. एका ॲक्सलचे, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीचे, पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदलायचे. एकीकडे नवीन एकीकडे जुने, त्यात मटेरिअल वेगळ्या कंपनीचं, म्हणजे दोन्ही चाकं सारखी धरत नाहीत आणि ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. घाटात एका बाजूला काय असतं ते कोयनाकाठना मी सांगायला नको.

टर्निंगबद्दल, मी चाकणला ऑटो पार्टच्या कंपनीत क्वालिटीला आहे, रोज मोजमापाचंच काम. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर बारीक अक्षरात मिन टीएच आणि आकडा असतो, ती किमान जाडी. मोजून त्याच्या खाली आली, किंवा चर काढल्यावर खाली जाणार असेल, तर विषय संपला, नवीन डिस्क. पातळ डिस्क लवकर तापते, वाकते, तडकते.

आता मोजताना सगळे फसतात ती जागा सांगतो. डिस्कच्या अगदी बाहेरच्या कडेला जिथं पॅड पोचत नाही तिथं न झिजलेला काठ राहतो, ताटाच्या कडेसारखा. व्हर्नियर नुसता लावला तर त्याचे जबडे त्या काठावर बसतात आणि तुम्हाला जुनीच जाडी दाखवतात. म्हणून दोन सारखी नाणी घ्या, डिस्कच्या दोन्ही अंगांना जिथं पॅड घासतो तिथं एकेक धरा, नाण्यांसकट मोजा, मग नुसती दोन नाणी मोजून वजा करा. अशा चार-पाच जागा घ्या. आकडे एकमेकांत फरक दाखवायला लागले तर पॅडल थरथरण्याचं एक कारणही तिथंच सापडेल.

कोयनाकाठ
ताई तुम्ही म्हणालात तसंच निघालं. खालची पिन कशीबशी सुटली पण वरची पिन हातानं फिरतही नव्हती. बूट एका बाजूनं फाटलेला, आत लाल चिखल वाळून विटकर झालेला. पाना१४ तुमची नाण्यांची युक्ती केली, किमान जाडीपेक्षा जेमतेम अर्धा मिमी जास्त भरली आणि चर त्याहून खोल वाटतायत. म्हणजे डिस्क गेली. मामा मोटरसायकलवर चिपळूणला गेलाय, दोन्ही बाजूंच्या डिस्क, पुढच्या पॅडचा सेट, पिनांचं बूट किट आणि ब्रेक ऑइलची नवीन बाटली सांगितलीय.

अबोली म्हापसा
मी हा धागा वाचून घाबरलेय हो. आमच्याकडे पावसात गाडी दोन दिवस अंगणात उभी राहिली की सकाळी पहिल्यांदा ब्रेक मारताना खर्रखर्र येतं, डिस्क केशरी दिसते. शाळेपर्यंत मुलांना सोडून येईस्तोवर आवाज जातो. मला पण लगेच पॅड बदलायचे का? गाडी ४१ हजार झालीय, पॅड एकदाही बदलले नाहीत.

मेस्त्रीची लेक
अबोलीताई, तो वरवरचा गंज. डिस्क बिडाची असते, दमट हवेत एका रात्रीत केशरी होते, चार-पाच वेळा ब्रेक लागला की पॅड तो पुसून काढतो. जो आवाज पाच मिनिटांत जातो त्याची भीती नाही. जो राहतो त्याची.

आवाज मी असे ओळखते. बारीक चींऽऽ असा, शिट्टीसारखा, हळू चालताना सारखा येणारा आणि ब्रेक दाबला की बदलणारा किंवा थांबणारा, तो बहुतेक पॅडवरच्या वॉर्निंग पट्टीचा. बऱ्याच पॅडना स्प्रिंगच्या पत्र्याची छोटी पट्टी लावलेली असते, मटेरिअल २-३ मिमीवर आलं की तिचं टोक डिस्कला टेकतं आणि किंचाळतं, मुद्दाम तशीच केलेली असते. तो आवाज आला की त्याच आठवड्यात पॅड बदलायचे. पण सगळ्या पॅडना ती पट्टी नसते, आणि असली तरी पुष्कळदा एकाच पॅडला असते, म्हणून आवाज नाही म्हणजे पॅड आहेत असं धरून चालू नका. जाड कर्रर्र, खरवडल्यासारखा, तो लोखंडावर लोखंड. तिथं गाडी थांबवायची.

तुम्ही घरच्या घरी बघू शकता. गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा. चाक तिरकं होऊन मागची बाजू उघडी होते. आता मोबाईल आत घालून टॉर्च लावून फोटो काढा, कॅलिपरच्या वर मधोमध खिडकीसारखी फट असते तिच्यातून दोन्ही पॅडच्या कडा दिसतात. पॅडमध्ये दोन थर दिसतील, एक लोखंडी पाटी आणि तिला चिकटलेलं काळपट मटेरिअल. पाटी मोजायची नाही! नवीन माणूस दोन्ही मिळून मोजतो आणि म्हणतो ८ मिमी आहे, त्यातले ५ पाटीचेच असतात. नुसतं मटेरिअल नवीन असताना साधारण १० ते १२ मिमी असतं. ५ च्या खाली आलं की दर महिन्याला बघायचं, ३ ला बदलायचं.

कल्याणकर
३ मिमी म्हणजे अजून २५-३० टक्के शिल्लक की. कंपन्यांना सामान विकायचं असतं म्हणून लवकर बदलायला सांगतात असं नाही का?

पाना१४
नाही. पॅड पातळ झाला की ब्रेकची उष्णता अडवायला मटेरिअल उरत नाही, ती पाटीतून पिस्टनला आणि पिस्टनमधून ऑइलला जाते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ ग्रेडचं ऑइल ताजं असताना किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेल्या अवस्थेसाठी त्याची किमान मर्यादा फक्त १५५ आहे. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, पॅडल स्पंजासारखं खाली जातं आणि गाडी थांबत नाही. पातळ पॅड, जुनं ऑइल आणि लांब उतार हे तीन एकत्र आले की हे होतं. म्हणून २ वर्षांनी ऑइल बदलायचं, गाडी कमी चालली असली तरी.

आणि झीज सरळ रेषेत होत नाही हा माझा अनुभव आहे. पातळ पॅड जास्त तापतो, तापलेला लवकर झिजतो. शेवटचे ३ मिमी पहिल्या ३ सारखे टिकत नाहीत.

लेस्टरहून
इथे इंग्लंडमध्ये गाडी ३ वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी सक्तीची आहे, एमओटी म्हणतात, त्यात पॅड १.५ मिमीच्या खाली गेला असेल तर गाडी पास होत नाही. पण चाकं न काढता जेवढं दिसेल तेवढंच बघतात. मी गेल्या वर्षी पास झालेल्या गाडीचे पॅड दोन महिन्यांनी काढले तर आतला जवळजवळ संपलेला. कोयनाकाठ, तुमचा फोटो नसतानाही तुम्ही हातात पाटी धरून उभे आहात ते डोळ्यासमोर आलं. इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं पिना आणखी लवकर गंजतात, म्हणून मी दरवर्षी ऑक्टोबरात पिना काढून साफ करतो.

कोयनाकाठ
झालं काम! सकाळी ८ ला सुरू केलं ते दुपारी २ वाजता उठलो, मामाच्या हाताखाली. जसं केलं तसं लिहितो, काही चुकलं असेल तर सांगा.

आधी सपाट फरशीवर गाडी, पहिला गियर, हँडब्रेक, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले केले. मग जॅक, आणि मामाचा नियम की नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा जाता कामा नये, म्हणून खाली लाकडी ठोकळे दिले आणि काढलेलं चाक आडवं चेसिसखाली सरकवलं.

बॉनेट उघडून ऑइलच्या डबीचं झाकण काढलं, भोवती फडकं गुंडाळलं. ह्याचं कारण मला नंतर कळलं. खालच्या पिनेचा बोल्ट काढला, कॅलिपर वरच्या पिनेवर दारासारखा उघडायला पाहिजे होता पण ती पिन जाम, मग डिझेल सोडून, हलकेच फिरवत फिरवत अर्ध्या तासानं सुटली. पॅड काढले, पाटी कशी बसलीय, पट्टीचं टोक कुठल्या बाजूला आहे त्याचा फोटो काढून ठेवला. कॅलिपर पूर्ण काढल्यावर मी तो सहज खाली सोडणार तेवढ्यात मामा ओरडला, रबरी पाइपवर लोंबकळू देऊ नकोस! तारेचा हूक करून स्प्रिंगला टांगला.

डिस्क हबला, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं त्या भागाला, गंजून चिकटलेली, लाकडाचा तुकडा मध्ये ठेवून सगळीकडून ठोकत काढली. हबचा चेहरा तारेच्या ब्रशनं घासून लख्ख केला. मामा म्हणाला गंजाचा एक पापुद्रा जरी मध्ये राहिला तर नवीन डिस्क तिरकी बसते आणि महिन्याभरात पॅडल थरथरायला लागतं. नवीन डिस्कवर तेलाचा थर असतो तो ब्रेक क्लीनरनं पुसला.

मग पिस्टन आत दाबायचा. जुना पॅड पिस्टनवर आडवा ठेवून सी-क्लॅम्पनं सावकाश, पाव पाव आटा. मी क्लॅम्प फिरवतोय आणि मामा डबीकडे बघतोय, आणि ऑइल वर चढत चढत काठापर्यंत आलं. दोन महिन्यांपूर्वी भरून दिलेलं तेच! मामानं सुई काढलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजनं ओढून घेतलं, नाहीतर सांडून रंग गेला असता. तरी दोन थेंब फेंडरवर पडले, लगेच भरपूर पाण्यानं धुतले.

पिना गुळगुळीत करून, बूट नवीन घालून, ब्रेकचं वेगळं सिलिकॉन ग्रीस लावलं. बोटानं पिन ढकलली की सरकते आणि सोडली की हळूच परत येते, ते बघून मला जेवढं समाधान वाटलं ते शब्दात सांगता येणार नाही. पॅडच्या कानांना अगदी पुसट ग्रीस, मटेरिअलवर बोटसुद्धा नाही. उजवीकडे पण हेच सगळं, तिथली एक पिन जाम व्हायच्या वाटेवर होतीच.

जुने आतले-बाहेरचे पॅड आईला दाखवले. तिनं ती घासलेली पाटी बराच वेळ हातात धरली आणि विचारलं, परवा आपण ह्याच्यावर उतरलो?

मेस्त्रीची लेक
दादा, वाचून डोळे भरून आले. मामांना नमस्कार सांगा. एक विचारते, गाडी सुरू करून हलवण्याआधी पॅडल पंप केलं ना? पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिल्या दाबाला पॅडल सरळ तळाला जातं आणि ब्रेक लागतच नाही. उभ्या गाडीत १०-१५ वेळा दाबून पॅडल वर कडक आलं की मगच गियर टाकायचा, आणि डबीची पातळी परत बघायची. गॅरेजच्या दारातून मागे घेताना भिंतीवर गेलेल्या गाड्या मी बघितल्यात.

साधं चॅसिस ग्रीस लावलं नाहीत हे फार चांगलं केलंत. त्यानं रबर फुगतं आणि पिन परत अडकते, ह्या वेळी ग्रीस असूनही. बऱ्याच ठिकाणी तेच डब्यातलं पिवळं ग्रीस बोटानं काढून लावतात.

कोयनाकाठ
हो ताई, पंप केलं, मामानं चावीच त्याच्या खिशात ठेवली होती तोपर्यंत. पहिल्या दोन दाबांना खरंच पाय तळाला गेला, अंगावर काटा आला.

राजगड९
मी टर्निंगचं म्हणलो होतो ते किमान जाडी न बघताच म्हणलो होतो, आणि एकाच बाजूच्या पॅडचंही चुकलं. आज माझ्या गाडीची डिस्क नाण्यांनी मोजून बघितली, किमान जाडीपेक्षा अजून दीड मिमी जास्त आहे. धन्यवाद पाना१४. एक शंका, चाक काढलंच आहे तर धूळ हवेच्या प्रेशरनं उडवून टाकायची का? आमच्या पंक्चरवाल्याकडे तसंच करतात.

पाना१४
नका उडवू. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा, आताच्याही पॅडच्या धुळीत तांबं, लोखंड, तंतू असं बरंच काही असतं आणि ती फार बारीक असते, थेट फुप्फुसात जाते. ब्रेक क्लीनर मारून किंवा ओल्या फडक्यानं पुसायची, तोंडाला मास्क. त्या पंक्चरवाल्याकडच्या पोरालाही सांगा, तो रोज ती धूळ खातोय.

कोयनाकाठ, आता नवीन पॅड डिस्कवर रुळवून घ्या. मोकळा रस्ता बघून ५०-६० च्या वेगावरून १०-१५ पर्यंत मध्यम दाबानं आणायचं, पूर्ण थांबायचं नाही, थोडं अंतर हवा लागू द्यायची, परत. असं ८-१० वेळा. पॅडच्या मटेरिअलचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो आणि मग पूर्ण पकड येते. पहिले दोनशे-तीनशे किमी पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवा, लगेच घाट नको.

सिंहगड रोड
ईव्ही वाल्यांनी पण लक्ष द्या. माझी ईव्ही आहे, पाय काढला की मोटरच गाडी हळू करते (ह्यालाच रिजन म्हणतात), त्यामुळे पॅड झिजतच नाहीत आणि सर्व्हिसला कोणी बघतही नाही. गेल्या महिन्यात मागची पिन वापराविना गंजून अडकलेली सापडली, पॅड मात्र जवळजवळ नवे. मी आता आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर रिजन कमी करून चार-पाच खणखणीत ब्रेक मारतो. आणि ज्यांच्या मागच्या डिस्कला बटणाचा हँडब्रेक आहे त्यांनी पिस्टन घरी क्लॅम्पनं दाबायला जाऊ नका, आत मोटर असते, ती आधी सर्व्हिस मोडला न्यावी लागते, नाहीतर तुटते.

कल्याणकर
उताराला गियरमध्ये गाडी ठेवली तर पेट्रोल जास्त जातं म्हणून मी न्यूट्रल करायचो. हा धागा वाचून विचारावंसं वाटलं.

कोयनाकाठ
कल्याणकर, मामाला वाचून दाखवलं. तो म्हणाला त्यांना लिही, ज्या गियरमध्ये घाट चढता त्याच गियरमध्ये उतरा. न्यूट्रलमध्ये गाडीचं सगळं वजन पॅडवर येतं. आणि पेट्रोलचं म्हणाल तर आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल बंदच होतं, न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला जातं. ब्रेक घासत उतरायचा नाही, एकदा नीट दाबून वेग कमी करायचा, सोडायचा, तेवढ्यात डिस्कला हवा लागते.

अबोली म्हापसा
ताई, स्टिअरिंग वळवून फोटो काढले. उजवीकडे बाहेरचा ६, आतला ५ वाटतोय. डावीकडे बाहेरचा ६ आणि आतला जेमतेम ३. पिनच असणार ना? नवरा म्हणत होता आवाज नाही तर कशाला बघतेस. उद्या मेस्त्रींकडे जातेय, पॅड दोन्ही बाजूंचे, बूट किट आणि ग्रीस कुठलं ते सगळं कागदावर लिहून घेतलंय, आणि चाक काढल्यावर मी तिथंच उभी राहणार आहे.

मेस्त्रीची लेक
अगदी बरोबर ओळखलंत, पिन किंवा पॅड ज्यात सरकतो त्या खाचेत गंज. दोन्ही साफ करून घ्या. जुने पॅड घरी घेऊन या, टाकू देऊ नका.

कोयनाकाठ
शेवटचं अपडेट. गावात आठवडाभर राहून इकडच्या सपाट रस्त्यांवर पॅड रुळवून घेतले, तीनेकशे किमी झाले, काल कुंभार्ली चढून कराडला आलो. आणि मुद्दाम आज सकाळी एकटाच परत गेलो, घाट दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये उतरलो, पोफळीला त्याच झाडाखाली गाडी लावली आणि दोन्ही रिमना हात लावून बघितला. डावी आणि उजवी सारखीच कोमट. मग आईला फोन केला.